मी बरी झाले, मग आता तपासायचं काय?

प्रश्न

ताई, मी २४ वर्षांची आहे. अकराव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. चार महिने केमो चालली, मग मानेवर आणि छातीवर रेडिएशन झालं. पुढे बरीच वर्षं फॉलोअपला जात होते. सतराव्या वर्षी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, 'आता यायची गरज नाही, तू पूर्ण बरी आहेस, मजेत राहा.' त्या दिवशी आम्ही सगळे रडलो होतो.

आता नोकरी करते. दर सहा महिन्यांनी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेते. रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी समाधान होत नाही. रोज रात्री झोपण्याआधी मानेच्या दोन्ही बाजू, मग काखा चाचपून बघते. गेले दोन-तीन महिने जिना चढताना धाप लागते असं वाटतंय. मैत्रिणी म्हणतात, व्यायाम नाही म्हणून. जिमला जाते म्हटलं तर आई म्हणते, तुझ्या शरीराने खूप सोसलंय, दगदग नको. माझी जुनी फाइल तिच्याकडेच आहे. मागितली की म्हणते, झालं-गेलं कशाला उकरून काढायचं? एका मुलाशी लग्नाचं बोलणं चाललंय, त्याला यातलं काहीच माहीत नाही. मला मूल होईल का, तेही ठाऊक नाही. ताई, मला एकच सांगा, मी आजारी आहे की निरोगी?

उत्तर

तुझ्या पत्रात धापेची गोष्ट मध्येच कुठेतरी, तीही 'असं वाटतंय' म्हणून येऊन जाते. मी सुरुवात तिथूनच करते. जिना चढताना नव्याने लागणारी धाप, आणि मागे केमो व छातीवरचं रेडिएशन. हे एकत्र असताना 'व्यायाम नाही म्हणून' असा निकाल मैत्रिणींनी द्यायचा नाही, आणि मीही पत्र वाचून द्यायचा नाही. याच आठवड्यात फिजिशियनची किंवा हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घे. गेल्यावर 'दम लागतो' असं बोलून थांबू नकोस. आधी हे सांग: 'लहानपणी माझ्या छातीवर रेडिएशन झालंय, आणि केमोत बहुधा डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला जड जाणारं औषध होतं.' चोवीस वर्षांची मुलगी दम लागतो म्हणून आली की कुणीही डॉक्टर रक्त कमी आहे का, ताण आहे का, वजन वाढलंय का इथपर्यंतच विचार करतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. यांपैकी काहीतरी कारण निघण्याची शक्यताही चांगलीच आहे. पण तुझ्या बाबतीत ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी झाल्याशिवाय ते मान्य करायचं नाही. जिमचं नाव त्यानंतर.

आडवं झाल्यावर दम कोंडून उठून बसावं लागलं, पावलांवर सूज दिसली, चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत दडपण आलं, तर वेळ मिळेपर्यंत थांबू नकोस. त्याच दिवशी इमर्जन्सी गाठ. 'एवढ्या तरुण वयात हृदयाचं काय असणार' असं तिथे कुणी म्हणालं, तर रेडिएशनची गोष्ट पुन्हा एकदा, ठणकावून सांग.

आता तुझा प्रश्न. हॉजकिनच्या बाबतीत तू बरी आहेस. हा आजार परत उलटतो तो बहुतेक वेळा उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. तुला बारा वर्षं होऊन गेली. रोज रात्री तू जिथे बोटं फिरवतेस तिथे तो सापडण्याची शक्यता फार थोडी आहे. उलट रोज दाबून दाबून तिथल्या साध्या गाठी दुखऱ्या होतात, दुखलं की मनात पाल चुकचुकते, मग आणखी दाबून बघितलं जातं. हे आजपासून बंद कर. एखादी गाठ दोन-तीन आठवडे टिकली, वाढत गेली, किंवा जोडीला ताप, वजन उतरणं, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम असलं काही आलं तर डॉक्टरांना दाखव. त्यापलीकडे ही पहारेदारी तुझी नाही.

लक्ष ठेवायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. ज्या उपचारांनी तुला वाचवलं त्यांचे काही परिणाम दहा, वीस, तीस वर्षांनी दिसतात. 'मजेत राहा' म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं काही नवीन नाही. ज्यूलिओ दांजिओ या कर्करोगतज्ज्ञाने १९७५ सालीच मुलांच्या कॅन्सरबद्दल 'बरं करणं पुरेसं नाही' असं लिहून ठेवलंय. १९९४ पासून उत्तर अमेरिकेत लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या हजारो लोकांचा माग काढणं सुरू झालं. त्यातून २००६ साली आलेला आकडा असा: निदानानंतरच्या तीस वर्षांत सुमारे ७३ टक्के जणांना किमान एक तरी दीर्घकालीन आजार जडला होता, आणि सुमारे ४२ टक्के जणांचा आजार गंभीर, जिवावर बेतणारा किंवा मृत्यूपर्यंत नेणारा होता.

हा आकडा वाचून घाबरायच्या आधी एक गोष्ट लक्षात घे. ती मुलं १९७० ते १९८६ या काळात आजारी पडलेली होती. तेव्हा रेडिएशनचे डोस मोठे होते, क्षेत्र रुंद होतं, आणि पुढे काय होईल याचा अंदाज कमी होता. त्यानंतर डोस कमी केले गेले, आणि त्याचा फायदा मोजताही आला. पाच वर्षं पार केलेल्या मुलांपैकी पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला १२ टक्क्यांच्या वर होतं, ते १९९० च्या दशकात उपचार घेतलेल्यांमध्ये ६ टक्क्यांवर आलं. तुझे उपचार त्याहूनही पुढच्या काळातले. मला त्या आकड्यातून एवढंच घ्यायचंय की 'बरी झालीस' म्हटल्यावर हात झटकून मोकळं व्हायचं नसतं, डॉक्टरांनीही आणि तूही.

मग दर सहा महिन्यांचं ते पॅकेज? त्यात साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी, हिमोग्लोबिन, थायरॉइड असतं. थायरॉइड तुझ्या कामाचं आहे, त्याकडे येते. बाकीचं बरंचसं वर्षातून एकदा पुरे. पण तुला ज्या गोष्टींचा खरा धोका आहे त्या त्यात बघितल्याच जात नाहीत. हृदयाचे ठोके रक्ताच्या बाटलीत दिसत नाहीत. सत्तर चाचण्या नॉर्मल येऊनही तुझं मन शांत होत नाही, यात मला तुझ्या मनाची काही चूक दिसत नाही.

तुला काय तपासायचं, हे तुला काय दिलं गेलं यावरून ठरतं. भीतीवरून नाही, आजाराच्या नावावरूनसुद्धा नाही. एकाच आजाराची दोन मुलं, एकाला रेडिएशन झालं आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांच्या पुढच्या आयुष्यातल्या तपासण्या वेगळ्या. म्हणून सगळं त्या फाइलपाशी येऊन थांबतं. घर बांधून झाल्यावर आतल्या वायरिंगचा नकाशा रोज कुणी बघत नाही, पण भिंतीला ड्रिल मारायच्या आधी तो हाताशी लागतो. तुझी फाइल तशी आहे, आणि ती दुसऱ्याच्या कपाटात आहे.

फाइलमधून एक पान तयार करायचं. निदान काय, केव्हा, कितव्या स्टेजचं. केमोच्या प्रत्येक औषधाचं नाव आणि सगळे डोस मिळून झालेली बेरीज. रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला, किती ग्रे (हे रेडिएशनच्या डोसाचं माप). ऑपरेशन झालं असेल तर कसलं. रक्त किंवा प्लेटलेट्स चढवल्या होत्या का. उपचारांच्या काळात हृदयाचा, फुफ्फुसांचा काही त्रास झाला होता का. हे पान ऑन्कोलॉजिस्टकडून भरून घेतलंस तर उत्तम, कारण जुन्या फाइलींचं अक्षर आणि त्यातली लघुरूपं भल्याभल्यांना लागत नाहीत. घरची फाइल अर्धवट असेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज कर. लवकर कर. जुने कागद कुणी कायमचे सांभाळून ठेवत नाही.

बेरीज का महत्त्वाची, ते एका उदाहरणात बघ. हॉजकिनमध्ये एबीव्हीडी नावाचा चार औषधांचा संच बराच वापरला जातो. त्यातलं डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लालभडक औषध. ते दिल्यावर लघवीही लालसर व्हायची, हे कदाचित तुला आठवत असेल. दर खेपेला ते शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम देतात, महिन्यातून दोनदा. समजा तुला हाच संच चार महिने मिळाला. आठ खेपा, म्हणजे २०० मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २५० किंवा त्यापुढे गेलेले लोक हृदयाच्या दृष्टीने जास्त जोखमीचे धरतात. १०० ते २५० मधले मध्यम. त्या हिशेबाने तू मध्यम गटात, इको पाच वर्षांतून एकदा. पण आता समजा छातीवर २० ग्रे रेडिएशनही झालं होतं. नुसतं रेडिएशन बघितलं तर ३० ग्रेच्या आतलं, म्हणजे तेही मध्यम. मात्र औषध १०० च्या वर आणि रेडिएशन १५ च्या वर असं दोन्ही एकाच हृदयाला झालं असेल, तर ती व्यक्ती थेट जास्त जोखमीच्या गटात जाते आणि इको दर दोन वर्षांनी करायचा असतो. दोन मध्यम मिळून एक मोठी जोखीम. हा हिशेब कागद हातात असल्याशिवाय मांडता येत नाही. तुझे आकडे यापेक्षा वेगळे असू शकतात, म्हणूनच ते पान हवं.

एवढी काळजी हृदयाचीच का? कारण हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकदा गेल्या की जवळजवळ भरून निघत नाहीत. डॉक्सोरुबिसिनने लहानपणी काही पेशी गमावल्या असतील तर उरलेल्या पेशी वर्षानुवर्षं जास्तीचं काम ओढत राहतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. रेडिएशनचा परिणाम आणखी सावकाश होतो. झडपा जाड होतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या वयाच्या मानाने लवकर अरुंद होऊ लागतात. इकोमध्ये ही घसरण लक्षणांच्या आधी दिसू शकते, आणि तेव्हा ती थोपवायला औषधं असतात.

या सगळ्यात एक गोष्ट पूर्णपणे तुझ्या हातातली आहे, आणि ती कंटाळवाणी आहे: ब्लड प्रेशर. ज्यांना लहानपणी ही औषधं मिळाली त्यांना पुढे बीपी जडलं, तर हृदय कमकुवत होण्याचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी चढतो. म्हणून तुझ्यासाठी 'जरा जास्त आहे, पुढे बघू' असं बीपी नसतंच. दरवर्षी मोजायचं, जास्त निघालं तर आळस न करता उपचार घ्यायचे. साखर आणि कोलेस्टेरॉललाही हेच लागू. सिगरेट, व्हेप यांतलं काहीही नको, 'पार्टीत एखादी' हेसुद्धा नको. एरवी मी वाचकांना व्यसनांवरून उपदेश करत नाही, पण छातीवर रेडिएशन झालेल्या माणसाने धूर ओढणं म्हणजे आगीत तेल ओतणं आहे.

हृदयानंतरची गोष्ट तुला कदाचित कुणीच सांगितलेली नसेल, आणि तिला तारीख आहे. छातीवर १० ग्रे किंवा जास्त रेडिएशन लहान वयात झालेल्या मुलींना पुढे स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा बराच जास्त असतो. वाढीच्या वयातल्या पेशी किरणांना हळव्या असतात म्हणून. अशा मुलींनी वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून, किंवा रेडिएशनला आठ वर्षं झाल्यापासून, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी करायची असते. तुझी आठ वर्षं केव्हाच झाली. म्हणजे पुढच्या वाढदिवसापासून. आधी डोसाचा आकडा बघ, आणि १० च्या वर असेल तर आत्ताच वेळ ठरव. एखाद्या केंद्रात 'पंचविशीत मॅमोग्राफी कशाला, ती चाळिशीनंतर' असं ऐकायला मिळेल. वाद घालत बसू नकोस, ऑन्कोलॉजिस्टची चिठ्ठी पुढे कर. एमआरआय यासाठी की तरुण वयात स्तनाची घनता जास्त असते आणि नुसत्या मॅमोग्राफीत बारीक बदल निसटू शकतात. हे वाचून आज रात्रीपासून मान सोडून छाती चाचपायला सुरुवात केलीस तर मात्र मी रागावेन. वर्षातून एकदा नीट यंत्राने बघितलं जाणार आहे. मध्ये कधी आपोआप काही वेगळं जाणवलं, तर दाखवायचं.

मानेवरच्या रेडिएशनमुळे थायरॉइड वर्षातून एकदा. रक्तातलं टीएसएच हे हार्मोन, आणि डॉक्टरांनी हाताने केलेली मानेची तपासणी. गंमत बघ, ज्या मानेसाठी तू रोज जागतेस तिला वर्षातून एकदा, दुसऱ्याच्या बोटांची गरज आहे. थायरॉइड मंदावणं हा मानेच्या रेडिएशननंतरचा नेहमीचा परिणाम आहे. रोज एक गोळी घेऊन तो सांभाळता येतो.

संचात ब्लिओमायसिन हे औषध असेल तर ते फुफ्फुसांवर परिणाम करू शकतं. धापेचं एक कारण तिथेही असू शकतं. पुढे कधी, अगदी अक्कलदाढेच्या ऑपरेशनसाठीही, पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांच्या कानावर हे घालच, कारण अशा रुग्णाला ऑक्सिजन किती द्यायचा याचा ते वेगळा विचार करतात. स्कूबा डायव्हिंगची हौस असेल तर आधी छातीरोगतज्ज्ञांना विचार.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. रेडिएशन झालेल्या त्वचेला उन्हात झाकून ठेव किंवा सनस्क्रीन लाव, आणि तिथला एखादा तीळ बदलला तर दाखव. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) लस घेतली नसशील तर घे, कॅन्सरचे उपचार झालेल्यांना तिचे तीन डोस देतात. फ्लूची लस दरवर्षी. दात सहा महिन्यांनी. 'शरीर शुद्ध' करणाऱ्या पावडरी आणि प्रतिकारशक्तीच्या गोळ्या कुणी कितीही प्रेमाने दिल्या तरी नको.

आता आई. तिच्यावर चिडू नकोस. तू अकरा वर्षांची होतीस, तुला त्या दिवसांतलं थोडंच आठवत असेल. तिला सगळं आठवतं. तुझ्यासाठी ती फाइल म्हणजे माहिती आहे, तिच्यासाठी ते दिवस आहेत. म्हणून 'माझी फाइल दे' असं दारात उभं राहून मागू नकोस. 'मला हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचंय, त्यांना केमोची नावं हवी आहेत, आपण दोघी बसून लिहून काढू' असं म्हण. कागदावर नसलेल्या कितीतरी गोष्टी तिच्याकडून निघतील: कोणत्या खेपेनंतर ताप आला होता, रक्त कितीदा चढवलं, मध्येच कोणतं औषध बंद केलं होतं. ती तुझ्या इतिहासाची निम्मी साक्षीदार आहे. तिला या कामात घेतलंस तर ती अडवणार नाही, असा माझा अंदाज. तरी नाहीच दिली, तर रुग्णालयातून प्रत काढ. तू सज्ञान आहेस आणि तो इतिहास तुझा आहे.

व्यायामाबद्दल मात्र आईचं म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि हा परिच्छेद तिला वाचून दाखव. शरीराने सोसलंय म्हणून त्याला बसवून ठेवणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. लहानपणी कॅन्सर झालेल्या पंधरा हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१८ साली आला. जोमाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. मुळात धडधाकट असलेलेच व्यायाम करत असतील, ही शंका मलाही आली होती. पण आठ वर्षांच्या काळात ज्यांनी व्यायाम वाढवला, त्यांच्यातही हाच फायदा दिसला. हृदय थोडं कमकुवत निघालं तरी व्यायाम बहुधा बंद होत नाही, त्याचा प्रकार आणि वेग ठरवून मिळतो. इको नॉर्मल आला तर सुरुवात भरभर चालण्याने कर. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. आठवड्याला मिळून दीडशे मिनिटांपर्यंत हळूहळू जायचं. वजनंही उचलावीत, पण हलकी आणि जास्त वेळा. श्वास रोखून, दात-ओठ खाऊन जड वजन उचलण्यात हृदयावर एकदम दाब येतो. ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. जिममधल्या ट्रेनरलाही हे सांगून ठेव, नाहीतर तो तुला पहिल्याच आठवड्यात बारबेलखाली घालेल.

तुझ्यासारख्या, पण वेगळ्या आजारातून आलेल्या वाचकांसाठी चार ओळी. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मिळालं असेल तर कान आणि किडनी तपासा. एक किडनी काढलेली असेल तर बीपी सांभाळा आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. डोक्याला रेडिएशन झालं असेल तर हार्मोन्सची तपासणी हवी. ल्युकेमियात स्टेरॉइड्स भरपूर घेतली असतील आणि खुब्यात किंवा गुडघ्यात दुखत असेल तर फोटो काढल्याशिवाय बाम चोळत बसू नका. प्लीहा काढली असेल किंवा तिच्यावर रेडिएशन झालं असेल तर ताप आला की सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा.

मूल होईल का? छातीवरच्या रेडिएशनचा बीजकोशांशी संबंध येत नाही. एबीव्हीडी हा संच बीजकोशांना तुलनेने सौम्य आहे. केमोत सायक्लोफॉस्फामाइड किंवा प्रोकार्बाझिन हे औषध मिळालं असेल तर धोका जास्त, आणि तो डोसाच्या बेरजेवर ठरतो. पाळी नियमित असणं ही चांगली खूण आहे, पण तिच्यावर निर्धास्त राहू नकोस. काही जणींची पाळी विशीत व्यवस्थित असते आणि चाळिशीच्या बरीच आधी थांबते, म्हणजे मुलासाठी मिळणारा काळ आखूड होतो. म्हणून मूल आत्ता नको असलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेट, एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी करून घे, आणि बीजं गोठवून ठेवण्यात अर्थ आहे का ते विचार. गरोदर राहण्याच्या आधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत इको झालाच पाहिजे, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणात हृदयावरचा भार बराच वाढतो. आईने केमो घेतली म्हणून बाळात व्यंग येतं, ही भीती मात्र मनातून काढून टाक. तसं दिसलेलं नाही. घराण्यातून चालत येणारे काही मोजके कॅन्सर सोडले तर बाळाला कॅन्सर होण्याचा धोकाही वाढत नाही.

राहिला तो मुलगा. सांग, आणि लग्न ठरण्याच्या आधी सांग. सगळ्या जगाला सांगायची गरज नाही, ऑफिसातही नाही. पण ज्याच्याबरोबर इकोला जायचंय, मुलाबाळांचं ठरवायचंय, त्याच्यापासून हे लपवून संसार करताना तूच दमून जाशील. तो रिपोर्ट दर दोन वर्षांनी दडवत बसशील, नाहीतर तपासणीच टाळशील, आणि मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते. अपराध कबूल केल्यासारखं सांगू नकोस. काय झालं होतं, आता काय तपासावं लागतं, मूल होण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, एवढं सरळ सांग. म्हणूनच आधी इको आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट उरकून घे, मग त्याच्याशी बोल. त्याच्या प्रश्नांना तेव्हा तुझ्याकडे खरी उत्तरं असतील. 'परत होईल का?' हे तो विचारेलच. बारा वर्षांनंतर हॉजकिन परत येणं फार दुर्मीळ आहे, आणि बाकीच्या गोष्टींवर डॉक्टरांचं लक्ष आहे, असं सांग. त्याला विचार करायला चार दिवस हवे असतील तर ते दे. तुझ्या डॉक्टरांना भेटायचं म्हणाला तर घेऊन जा.